शीग

रविवारी सकाळी मानकोलीला गोदामाच्या जागेवर भोईर जमले आणि गप्प उभे राहिले. त्यांच्या टेमघर गावात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. भोईरांच्या घरात साधा चहा ठेवायचा तरी दूध आधी की साखर आधी यावरून दोन तट पडतात. पण त्या दिवशी आक्का भाकऱ्यांच्या टोपलीवरचं फडकं उगाच नीट करत होती, प्रितम मोबाइलमध्ये डोकं घालून होता आणि उन्नती काँक्रीटच्या मिक्सरपलीकडे हेल्मेट काखेत धरून रेतीच्या ढिगाकडे बघत होती. दौलतशेट प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. खुर्चीचा एक पाय खडीत रुतला होता, त्यामुळे ते एका अंगाला कलले होते. पण उठून ती सरळ करावी एवढंही त्यांच्या मनात येत नव्हतं.

शुक्रवारी ठाण्याच्या लॅबमधून निरोप आला होता. उन्नतीनं भरलेले क्यूब नापास.

क्यूब म्हणजे काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, वितीहून थोडा आखूड. साइटवर कालवलेला मालच लोखंडी साच्यात भरायचा, पाण्यात बुडवून ठेवायचा आणि आठवड्यानं लॅबच्या यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचा. ठोकळा किती भार सोसतो, त्यावरून स्लॅब किती सोसेल ते कळतं. दौलतशेटांना हे सगळं आता पाठ झालं होतं, कारण भूमिपूजनापासून घरात दुसरा विषय नव्हता.

नुसते ठोकळेच फुटले असते तर त्याचं एवढं काही नव्हतं. पण त्या ठोकळ्यांवर दौलतशेट शब्द देऊन बसले होते. होळीच्या दिवशी, सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "क्यूब पास झालं तर गोदामाचा स्लॅब उन्नती भरील. न्हाय झालं तर प्रितम सांगल तो ठेकेदार." हा ठेकेदार ठाण्याचा. प्लँटमध्ये कालवलेला माल गाडीत घालून आणणार, सगळं गोदाम उभं करून देणार आणि बदल्यात अर्धं स्वतःला ठेवणार. जागा दोघा भावांची, दौलतची आणि केसरीनाथची. केसरीनाथ आता नव्हता, त्याच्या जागी त्याची इंजिनियर झालेली लेक उन्नती होती. ठेकेदार आला की त्या पोरीला घरच्या कामात पाय टेकायलाही जागा उरणार नव्हती. पुण्याची एक कंपनी तिला बोलावत होतीच, ती गेली असती.

दौलतशेटांना ती जायला नको होती. पण पोटच्या पोरासमोर पुतणीची बाजू घेणं काही सोपं नसतं. प्रितमनं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, नकाशे मंजूर करून आणले होते, विजेच्या खांबासाठी उन्हातान्हात फिरला होता. म्हणून दौलतशेटांनी निवाडा ठोकळ्यांवर टाकला. दोन लेकरांत माणसानं न्याय करण्यापेक्षा यंत्रानं केलेला बरा, असा त्यांचा हिशेब होता. आता यंत्रानं न्याय केला होता आणि तो त्यांना गिळवत नव्हता.

उन्नतीनं एकच गोष्ट मागितली होती. "मोठे बाबा, रविवारी एकदा माझ्या डोळ्यांसमोर सगळं करून बघू द्या. तरी नाही जमलं तर संध्याकाळी दादानं ठेकेदाराला फोन करावा. मी एक शब्द बोलणार नाही."

गोदामाचे नकाशे काढणारे सुधीर सर स्कूटरवरून आले. भिवंडीतलं जुनं मास्तरांचं घराणं. वडिलांनी सगळ्या गावाला पाढे शिकवले आणि मुलानं गावातल्या निम्म्या इमारतींचे खांब मोजले. आवाज न चढवता बोलायची घरातलीच सवय. त्यांनी आल्याआल्या आक्काला नमस्कार केला आणि उन्नतीजवळ जाऊन उभे राहिले.

"बोल. काय शंका आहे?"

"सर, हेच मिक्स मी कॉलेजच्या लॅबमध्ये करून बघितलं होतं. तिथं मस्त आलं. तेच सिमेंट, तीच खडी, तेच माप. इथं आलं की नापास. मधे काहीतरी बदललंय, आणि काय ते मला दिसत नाहीये."

"मी सांगतो काय बदललंय," प्रितम मोबाइल खिशात घालत म्हणाला. "लॅब बदलली आणि साइट आली. प्लँटमध्ये सगळा वजनावर चालतंय, कॉम्प्युटर हाय. इथं काय हाय? लाकडाचा खोका आणि राहीबाई."

"माझा नाव कशाला घेतोस?" राहीबाई फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाली. माप भरणाऱ्या बायकांची ती मुकादम, टेमघरचीच. प्रितमला तिनं लंगोटात पाहिलं होतं, त्यामुळे त्याचा वचक तिला कधी वाटलाच नाही.

"प्लँटचा माल वाईट नसतो प्रितम," सुधीर सर म्हणाले. "पण मानकोली नाक्यावर कंटेनर आडवा झाला की तुझी गाडी तिथेच उभी. माल गाडीतच घट्ट झाला तर काय करणार?"

"आणि इथं आमचा माल घट्ट न होताच फुटला, त्याचा काय?"

 दौलतशेट मान खाली घालून बुटाच्या टोकानं खडी उकरत बसले. पोरगा उद्धटासारखा बोलत होता, पण खोटं बोलत नव्हता. मोठी पंचाईत तीच होती.

मिक्सर सुरू झाला. मागच्या वेळी उन्नती मिक्सरपाशी पाण्याच्या डब्यावर पहारा करत उभी होती, कारण मजूर चोरून पाणी वाढवतात हे तिला ठाऊक होतं. रेती मापणाऱ्या बायका तेव्हा तिच्या पाठीमागे राहिल्या होत्या. आज ती तोंड फिरवून त्यांच्याकडेच बघत उभी राहिली.

राहीबाईनं लाकडी फर्मा, म्हणजे मापाचा खोका, रेतीनं काठोकाठ भरला. मग वर आणखी फावडी ओतली. दोन्ही तळव्यांनी ती रेती चेपून, थापून तिनं वर छान टोकदार ढीग केला आणि कामाकडे कौतुकानं बघत मागे सरली.

उन्नती एकदम पुढे झाली. "राहीबाई, हे काय?"

"काय म्हंजे? फर्मा भरला."

"वर हे काय?"

"शीग हाय ती."

"कुणी सांगितलं शीग घालायला?"

 राहीबाई नुसती आक्काकडे बघायला लागली. तिच्या नजरेमागे सगळ्यांच्या नजरा गेल्या. आक्का टोपलीशेजारून सावकाश उठली.

"मी सांगितला," ती म्हणाली. "त्या दिवशी पन मीच सांगितला व्हता. केसरीनाथच्या पोरीचा पयला काम, आनी माप भरतात सावकारासारखा हात फिरवून. बरा दिसतंय का ते? मी म्हनले, भरा चांगला शिगोशीग. आपल्याच पोरीला कमी घालाचा का?"

आक्का, दौलतशेटांची थोरली बहीण, ऐन तारुण्यात कपाळ पांढरं होऊन माहेरी आली, आणि केसरीनाथची बायको गेल्यावर उन्नतीला तिनंच वाढवलं. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचं नावही नव्हतं. उलट आपण पोरीचं केवढं भलं केलं, असाच भाव होता. राहीबाईही मान हलवत होती.

प्रितमला हसू आलं. पण आक्काच्या समोर हसायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो खोकला.

"आक्का," उन्नती शब्द मोजून मोजून बोलायला लागली, "सिमेंट पोत्याचं पोतं जातं. ते तेवढंच. रेती प्रत्येक फर्म्याला जास्त गेली. त्या दिवशी माल घट्ट आला होता, आणि मला वाटलं उन्हानं रेती सुकली म्हणून पाणी पितेय. मी माझ्याच हातानं एक डबा पाणी वाढवलं. रेती जास्त, पाणी जास्त. ठोकळा फुटेल नाहीतर काय?"

"म्हंजे माझ्यानी फुटला?"

"माझ्यानंही. मी पाणी घातलं नसतं तर तेव्हाच कळलं असतं." मग तिनं राहीबाईकडे वळून सांगितलं, "आजपासून फर्मा सपाट. वरून पट्टी फिरवायची."

दौलतशेट खुर्चीतून उठले.

घराण्याची ही शीग जुनी होती, आणि तिला हात लावायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. त्यांचा बाप रामनाथ होडीतून रेती आणून बंदरावर पाट्यांनी विकायचा. वरच्या अंगाला, जिथे खाडी संपून नदीचं गोडं पाणी लागतं, तिथे बुडी मारून काढलेली रेती. बाकीचे रेतीवाले पाटी काठापर्यंत भरून वर हात फिरवायचे, रामनाथ मात्र पाटीवर शीग चढवून द्यायचा. भिवंडीत लूमचे कारखाने उभे राहिले तेव्हा कामतघरापासून गिऱ्हाइकं त्याला शोधत यायची. 'हात फिरवून दिलेलं माप आणि तोंड फिरवून वाढलेलं जेवण, दोन्ही सारखंच,' असं तो म्हणायचा. गावात भोईर बरेच, पण 'शीगवाले भोईर' हे एकच घर. केसरीनाथच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा तसंच छापलं होतं.

"बाय," दौलतशेट म्हणाले, "आमच्या बापाचा नाव शिगेवर हाय. आपल्या गोदामाला आपनच पुसलेला माप घालाचा?"

"मोठे बाबा, रेती विकत असतो तर मी स्वतः शीग घातली असती. पण स्लॅबला दानत नको, बरोबर माप पाहिजे."

बोलणं खरं होतं म्हणून ते जास्तच लागलं. दौलतशेट परत खुर्चीत बसले आणि आणखी थोडे कलले. सुधीर सरांनी मधे तोंड घातलं नाही. ही घरातली भाषा होती, तिथे इंजिनियरनं पडायचं नसतं.

राहीबाईनं तोंड वाकडं करून फर्म्यावरून लाकडाची पट्टी फिरवली. खाली सांडलेल्या रेतीकडे आक्कानं असं पाहिलं, की जणू भरल्या ताटातला भात कुणी उष्ट्यात टाकला. मिक्सर फिरला आणि माल खाली पत्र्यावर ओतला गेला.

तो सपशेल बिघडलेला होता.

हे कळायला इंजिनियर असायची गरज नव्हती. चुरमुऱ्यांतून शेंगदाणे वेगळे पडावेत तशी खडी सुटी पडली होती आणि तिला धरून ठेवायला मधे मसालाच नव्हता. माल कितपत उभा राहतो ते बघायला उन्नतीनं तो लोखंडी शंकूत भरला आणि शंकू वर उचलला. खाली बसायच्या ऐवजी एक बाजू धाडकन ढासळली. मिक्सरवाल्यानं तिच्याकडे बघितलं.

"पानी डालूँ क्या मॅडम?"

"नही. रुको."

"आता काय?" प्रितम म्हणाला. "शीग घातली तर नापास, न्हाय घातली तर ही भेळ. बाबा, मी फोन करू ना?"

दौलतशेटांना त्या क्षणी बरं वाटलं. बापाच्या शिगेवर पट्टी फिरवली ना, मग घ्या आता, असं काहीतरी मनात वर आलं. आणि लगेच त्यांचंच त्यांना कसंतरी झालं. समोर केसरीनाथची पोर ओठ घट्ट मिटून उभी होती. लहानपणी पडली की रडायच्या आधी असंच करायची.

"थांब जरा," ते प्रितमला म्हणाले. "संध्याकालपर्यंत बोललोय ना मी? अजून जेवनं न्हाय झाली."

उन्नती रेतीच्या ढिगाशी जाऊन बसली. मूठभर रेती उचलून तिनं दाबली. मूठ उघडली तेव्हा रेतीचा लाडू तळहातावर तसाच राहिला. तिनं तो मोडला, पुन्हा वळला. मग मान वर केली.

"दादा, मागच्या खेपेची रेती कुठली होती?"

"व्यापाऱ्याची. ट्रकनं आणलेली. आपली धुऊन झाली नव्हती ना."

"ती सुकी होती."

"खडखडीत. उन्हात पडून पडून राख झालेली."

"आणि ही?"

"ही आपली. तूच धुवायला लावलीस." प्रितमच्या बोलण्यात जरा कुत्सितपणा होता. खाडीच्या अंगाची रेती खारी असेल तर आतलं लोखंड गंजतं, म्हणून उन्नतीनं सगळी रेती टँकरच्या गोड्या पाण्यानं धुऊन घेतली होती, आणि त्या टँकरांच्या मागे धावायचं काम प्रितमच्या वाट्याला आलं होतं.

"मीच धुवायला लावली," उन्नती म्हणाली, आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "सर, किती वेडी मी."

सुधीर सर हसले. त्यांच्या लक्षात केव्हाच आलं असावं, पण त्यांनी ते तिच्यासाठी ठेवलं होतं.

तिनं पाण्याची रिकामी बाटली मागवली, चाकूनं तिचं तोंड कापून काढलं आणि आत ओली रेती काठापर्यंत भरली. "मोठे बाबा, इकडे या. आक्का, तू पण. दादा, तू तर येच."

सगळे भोवती जमले. राहीबाईसुद्धा फावडं टाकून आली.

"ही बाटली भरलीय ना? काठोकाठ?"

"भरलीय," आक्का म्हणाली. "शीग न्हाय घातलीस, पन भरलीय."

उन्नतीनं रेती एका घमेल्यात काढली, बाटलीत अर्धं पाणी घेतलं आणि तीच रेती थोडी थोडी करून त्यात सोडली. काडीनं ढवळून बाटली खाली ठेवली. गढूळ पाणी वर आलं, हळूहळू निवळलं. रेती खाली बसली, आणि काठापासून दोन बोटं खालीच राहिली.

"गेली कुठं?" राहीबाईनं विचारलं.

"कुठंच नाही. एवढीच होती. रेती ओलसर असली की कणाकणाला पाणी चिकटतं आणि ते कण एकमेकांपासून लांब राहतात. रेती फुगते. दिसते भरपूर, असते कमी. मी सपाट फर्मा भरला, पण आत बरीचशी हवाच भरली. म्हणून खडी उघडी पडली. सुक्या रेतीला शीग घातली की जास्त होते. ओल्या रेतीला नाही घातली की कमी पडते. माप मी लॅबमध्ये सुकी रेती घेऊन ठरवलं, आणि इथं मीच ती ओली केली."

"म्हंजे वल्या रेतीला शीग पायजे," आक्का म्हणाली.

"पाहिजे."

दौलतशेट बाटलीकडे बघत होते. दोन बोटांची ती रिकामी जागा. त्यांना बापाचा आवाज आठवला, बंदरावरचा. गिऱ्हाईक शीग बघून खूश झालं की तो म्हणायचा, 'खूश नको होऊ. घरी नेशील तवर बसंल ती.' लहानपणी दौलतला वाटायचं, बाप मोठेपणा नको म्हणून तसं बोलतोय.

"आक्का," ते म्हणाले, "बाबा बुडी मारून काढलेलीच रेती विकायचा ना? होडीतली, वली?"

"मग? होडीत सुकी कुठून येल?"

"आनी काठावर पडून राहिलेली? उन्हाल्यात?"

आक्का बोलायला लागली आणि मधेच थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. "उन्हाल्यात बाबा हात फिरवायचा," ती म्हणाली. "सुकलेल्या रेतीवर. मी बघलाय. मी कुनाला बोलले न्हाय. आयला पन न्हाय. मना वाटायचा, उन्हाल्यात कामं कमी, घरात खानारी तोंडं, म्हनून बाबाचा हात आखडतो. मना त्याची दया यायची."

"त्याचा हात आखडत न्हवता," दौलतशेट म्हणाले.

"न्हाय."

"तो बरोबर देत व्हता. वली असंल तवा शीग, सुकी असंल तवा सपाट."

 आक्कानं पदर तोंडाशी नेला. एवढी वर्षं बापाची लाज पोटात ठेवून ती त्याचीच शीग मिरवत आली होती, आणि लाज वाटावी असं त्यात काही नव्हतंच.  आपला बाप उदार होता असं सगळा गाव म्हणायचा. तो उदार नव्हता, चोख होता. आणि दौलतशेटांना ते उदारपणाहून मोठं वाटलं.

"मग आता काय कराचा, बाय?" त्यांनी विचारलं. "शीग घालायची म्हनशील तर राहीबाईची येक, दुसरीची येक. हाताहाताची वेगली."

"म्हणून शीग हातावर सोडायची नाही," उन्नती म्हणाली. "फर्म्याचा काठच वाढवायचा. बाटलीत दोन बोटं फुगते, तर फर्म्याला त्याच हिशेबानं उंची द्यायची आणि वरून पट्टी मारायची. शीग आत जाईल. आणि रेतीतलं पाणी आधीच मालात आहे, म्हणून डब्यातलं तेवढं कमी करायचं." तिनं आजूबाजूला बघितलं. "फळी मिळेल का कुठं?"

कुणी काही बोलायच्या आत प्रितम निघाला होता. शटरिंगच्या ढिगातून त्यानं एक फळी ओढून काढली, करवत मागून घेतली आणि फर्म्याशेजारी उकिडवा बसला. दौलतशेट बघत राहिले. लेकाच्या हातात करवत त्यांनी, तो शाळेत होता तेव्हापासून पाहिली नव्हती.

"तू कशाला, सुतार हाय ना," ते म्हणाले.

"सुताराला समजावून सांगायला लागंल," प्रितम मान वर न करता म्हणाला. "मना समजलाय." थोड्या वेळानं, खिळा ठोकता ठोकता, तो उन्नतीला म्हणाला, "टँकर मी आनले, तुना ठाऊक हाय ना? रोज. त्या धुलाईचा येकानं पन नाव काढला न्हाय."

"मी काढलं नाही," उन्नती म्हणाली. "माझं चुकलं दादा. टँकर नसते तर ही रेती वापरताच आली नसती."

प्रितमनं खिळा जरा जास्तच जोरात ठोकला. "किती वाढवू?"

"मी खूण करते. आणि ऐक, मापावर तू उभा राहशील का? पट्टी तू मार. मी मिक्सरपाशी असले की माझी पाठ असते. पाठीमागं आपलं माणूस पाहिजे."

 फळी बसली तेव्हा राहीबाईच्या हातातली पट्टी प्रितमनं स्वतःच्या हातात घेतली.

दुसरा माल पत्र्यावर पडला तो लोण्यासारखा. खडी दिसत होती, पण सगळी मसाल्यात बसलेली. शंकू वर उचलल्यावर माल जागच्या जागी थोडासाच खचला आणि उभा राहिला. सुधीर सर वाकून त्याला निरखत होते. त्यांनी थापीनं त्याच्या पोटात हलकेच टोचलं.

"हा माल मला आवडला," ते म्हणाले. "पण माझ्या आवडीनं स्लॅब भरता येत नाही. क्यूब भरा. लॅब सांगेल. पास झाले तर मी सही करतो."

प्रितमनं मोबाइल काढला. दौलतशेट खुर्चीतून अर्धवट उठले. पण तो ठेकेदाराशी एवढंच बोलला, "आठ दिवस थांबा. हां, बाबाच बोलले. घरातला काम हाय जरा." बाबा असं काही बोलले नव्हते. ते त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

मग आक्कानं टोपलीवरचं फडकं काढलं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण. सुधीर सर सुकट खात नाहीत हे माहीत असल्यानं त्यांच्यासाठी वेगळा बटाटा होता. उन्नतीच्या पानात आक्कानं कालवण वाढलं ते भाकरीवरून ओघळून खाली आलं.

"आक्का, बास."

"जेवनात पट्टी न्हाय मारीत मी," आक्का म्हणाली.

ठोकळे पास झाल्याचा निरोप प्रितमनंच आणला, आणि घरात शिरायच्या आधीच ओटीवरून ओरडून सांगितला. सुधीर सरांची सही झाली. मृगाच्या आत स्लॅब भरायचं ठरलं.

त्या दिवशी मानकोलीला अर्धं टेमघर लोटलं होतं. शीगवाल्यांच्या घरचा स्लॅब म्हणजे बोकड आलाच, आणि बोकड म्हटल्यावर कुणाला आमंत्रण लागत नाही. जागेवर आता दोन फर्मे होते, एक बुटका, एक उंच. उन्नती मध्येमध्ये येऊन रेती मुठीत दाबून बघायची आणि कुठला फर्मा घ्यायचा ते सांगायची. उंच फर्म्याला आक्का 'बाबाचा फर्मा' म्हणाली होती. बायकांनी त्याचा आपल्या सोयीनं 'आजोबा' केला.

घरातल्या मोठ्यानं पहिलं माप भरायचं, हा रिवाज. नारळ फुटला. दौलतशेटांनी फावडं घेतलं आणि आजोबाच्या पोटात रेती घालायला लागले. काठ आला तरी हात थांबेना. एक फावडं वर गेलं, आणखी एक, आणि तळव्यांनी आपोआप शीग चढली. लोक कौतुकानं बघत होते. उन्नती मिक्सरपाशी उभी होती. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं. मोठ्या बाबांना गावासमोर शिकवायचं तिच्या मनात नव्हतं.

प्रितमनं पट्टी पुढे केली. दौलतशेटांनी ती हातात घेतली, क्षणभर फर्म्याकडे बघितलं आणि या काठापासून त्या काठापर्यंत ओढली. शीग खाली सांडली.

"दौलतशेट," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शीगवाल्यांची शीग कुठं गेली हो?"

"आत हाय," दौलतशेट म्हणाले. "आमच्या बापाची व्हती तेवढीच हाय. येक कन कमी न्हाय, येक जास्ती न्हाय."

त्यांनी पट्टी प्रितमला परत दिली, खुर्चीपाशी गेले, आजही खडीत रुतलेला तिचा पाय उपसून ती सपाट जागेवर नेऊन ठेवली आणि बसले. मिक्सर घरघरायला लागला. वर शटरिंगवर लोखंडाची जाळी उन्हात तळपत होती, आणि घमेली हातोहात चढायला लागली होती.

"आजोबा भरला," खालून राहीबाई ओरडली. "चला, म्होरं."

सांजेपर्यंत त्या जागेवर दौलतशेटांच्या बापाला हाका पडत राहिल्या, आणि दर हाकेला तो भरलेला येत होता.